डबा मात्र चांगला आहे

पुण्यात न आवडलेला पदार्थ टाकून देणारा माणूस विरळा, आणि न आवडलेला पदार्थ मुकाट्याने खाणारा तर त्याहून विरळा. खायचं, पानात काही न ठेवता खायचं, आणि खाता खाता त्याची सालं काढायची, ही इथली रीत. या रीतीला परदेशी टिनांची जोड मिळाली की जो गृहस्थ तयार होतो, त्याला आमच्या सोसायटीतली पोरं डबेकाका म्हणतात. पोरांना वाटतं असे काका आपल्याकडेच आहेत. तसं नाही. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, औंध, कुठेही जा. सत्तरी ओलांडलेले, मुलगा अमेरिकेत नाहीतर मुलगी इंग्लंडात, स्वयंपाकघराच्या सगळ्यात वरच्या फळीवर चकचकीत टिनांची रांग, आणि त्यातल्या प्रत्येकाबद्दल अपिलाची सोय नसलेला निकाल तयार असलेले एक काका प्रत्येक इमारतीत निघतातच.

ही रांग काही काकांनी विकत आणलेली नसते. पैसे देऊन टिन आणण्याइतकी अजून वेळ आलेली नाही, असं ते सांगतात. मुलं सुट्टीला येताना बॅगेत तेवीस किलोंचा हिशोब करताना दोन-तीन किलो कमी भरले की तिकडच्या दुकानातून हाताला लागतील ते डबे टाकतात. त्यातून कुठलेसे पांढरे घेवडे येतात, मशरूमचं सूप येतं, अननसाच्या चकत्या येतात, एकदा तर नुसता भोपळा आला होता. शिजवून, वाटून, डब्यात भरलेला भोपळा. काका त्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मंडईत दहा रुपयाला फोड मिळते याची. हा विमानानं आला?"

आमचे काका मिलिटरी अकाउंट्समधून निवृत्त झाले. सगळी नोकरी लष्करातल्या म्हणजे कॅम्पातल्या कचेरीत, दुसऱ्यांच्या बिलांवर लाल शाईने शेरे मारण्यात गेली. त्यामुळे टिनवर काय लिहिलंय ते वाचणं हा त्यांच्या दृष्टीने जेवणाचा पहिला भाग. चष्मा कपाळावर, भिंग हातात, आणि डबा खिडकीतल्या उजेडात धरलेला. त्यांचा सगळ्यात आवडता गुन्हा म्हणजे वजन. टिनवर मोठ्या अक्षरात सव्वाचारशे ग्रॅम असतं, ते पाण्यासकट. पाणी काढून टाकलं की छोले उरतात अडीचशेच्या आसपास. कंपनी हे दुसरं वजनही छापते, पण बारीक अक्षरात, वळणाच्या पलीकडे. काका ते शोधून काढतात, आतले छोले चाळणीत ओतून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतात आणि काकूंना हाक मारतात.

"बघ. पावणेदोनशे ग्रॅम पाणी. पाण्याचं भाडं लावून आणलंय."

"अहो, त्या पाण्यात मीठ आहे. आमटीत घालते."

"घाल. पण हिशोबात पाणीच लिही."

काकूंबद्दल वेगळं लिहायला हवं, पण त्या आवडणार नाही म्हणतील. त्यांचं या सगळ्या प्रकाराबद्दल एकच शास्त्र आहे: फोडणी. डबा कुठल्याही देशातून येवो, त्यावर मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि शेवटी चमचाभर गोडा मसाला पडला की तो कोथरूडचा रहिवासी होतो. काका तपासणी करतात, काकू त्याला नागरिकत्व देतात.

डबा उघडणं हा दुसरा भाग. मुलीने त्यांना एक उत्तम टिन-कटर आणून दिला आहे, तो खणात प्लॅस्टिकच्या वेष्टणात सुरक्षित आहे. काका वापरतात स्क्रू-ड्रायव्हर आणि बत्ता. याला इतिहासाचा आधार आहे आणि तो ते सांगतातच. फ्रान्सच्या सरकारने सैन्यासाठी अन्न टिकवण्याची पद्धत शोधणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. निकोलस आपेर नावाच्या मिठाईवाल्याने अन्न बाटल्यांत घट्ट बंद करून त्या उकळायची युक्ती काढली आणि १८१० साली बारा हजार फ्रँक मिळवले. हे का टिकतं ते त्याला ठाऊक नव्हतं; जंतूंची भानगड पाश्चरने पुढे पन्नासएक वर्षांनी उलगडली. काकांना आपेरबद्दल फार आदर. "कारण माहीत नसताना पद्धत बरोबर, असं आमच्या आजीचं असायचं," असं ते म्हणतात. त्याच १८१० साली इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडने बाटलीऐवजी पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं, १८१३ मध्ये लंडनमध्ये ब्रायन डॉन्किनच्या कंपनीचा कारखाना सुरू झाला, आणि डबा उघडायचं हत्यार आलं १८५५ साली. मधली चाळीसेक वर्षं डब्यावर सूचनाच असायची की छिन्नी-हातोडीने वरून गोल कापावा.

काका अजून त्या चाळीस वर्षांत राहतात. बत्त्याचा पहिला ठोका पडला की खालच्या मजल्यावरचे लोक ओळखतात, आज वर परदेशी पदार्थ आहे. दोनदा ठोकल्यावर पाकाची किंवा खारट पाण्याची एक चिळकांडी भिंतीवर जाते. काकू ओल्या फडक्याने ती पुसतात. दरवेळी त्याच जागी.

इतिहासाचा हा धागा काका तिथे सोडत नाहीत. १८१३ साली इंग्रजांकडे टिनचा कारखाना होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर युनियन जॅक लागला. मधली चार वर्षं पाहा, असं म्हणून ते थांबतात आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड पडायची वाट बघतात. पेशवाई डब्यांमुळे बुडाली, हा त्यांचा सिद्धांत. खडकीच्या रणांगणावर एकही टिन होता असा पुरावा त्यांच्यापाशी नाही, इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी त्यांना हे जिन्यात तोंडावर सांगितलंही. काका म्हणाले, "पुरावा नाही, कारण ते खाऊन बसले. आणि रिकामे डबे आपल्या लोकांनी घरी नेले."

या उत्तराचा दुसरा भाग मात्र शंभर टक्के खरा असणार, असं मला त्यांच्या गॅलरीकडे बघून वाटतं. त्याकडे येतोच.

तिसरा भाग म्हणजे चव, आणि निकाल. काकांच्या निकालाच्या श्रेणी माहीत नसलेला पाहुणा फसतो. पदार्थ सगळ्यात वाईट असला तर काका 'वेगळं आहे' म्हणतात. त्याहून जरा बरा असला तर 'तिकडच्या थंडीत चालत असेल'. बरा असला तर 'खाल्लं'. चांगला असला तर 'यात काय विशेष?' आणि खरोखर उत्तम असला तर काही न बोलता पानातली वाटी पुढे करतात. 'वाईट' हा शब्द मी त्यांच्या तोंडून टिनबद्दल कधी ऐकला नाही. तो त्यांनी नगरसेवक आणि नवीन नाटकांसाठी राखून ठेवला आहे.

उदाहरणार्थ, इंग्लंडहून मुलीने आणलेले टोमॅटोच्या रसातले घेवडे. इंग्रज माणूस हे सकाळी टोस्टवर घालून खातो, हे तिने सांगितलं तेव्हा काका थोडा वेळ गंभीर झाले. "आपल्यावर राज्य करून गेले आणि सकाळी काय खातात तर गोड उसळ," ते म्हणाले. पण एक चमचा तोंडात गेला आणि अडचण झाली. रस आंबटगोड होता. म्हणजे पुणेरी आमटीच्या वळणाचाच होता. या बाबतीत इंग्रज आणि सदाशिव पेठ यांचं एकमत व्हावं, हे काकांना पचेना. त्यांनी दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला, दोष हाती लागेपर्यंत वाटी संपवली आणि शेवटी पकडलं: "गोड आहे. पण गुळाचं नाही."

मला वाटतं डबेकाकांचं सगळं मर्म या वाटीत आहे. नावं ठेवायची तर आधी खायला हवं, थोडं खाऊन नावं ठेवणं हा अन्याय, आणि उरलेलं टाकणं हे पाप. या तीन नियमांत सापडलेला माणूस टिन संपवण्यावाचून काय करणार? आमच्या इमारतीत टिनातल्या अन्नाविरुद्ध सगळ्यात जास्त कोण बोलतं ते सगळ्यांना माहीत आहे. टिनातलं अन्न सगळ्यात जास्त कोण खातं, याचा हिशोब मात्र कुणी मांडलेला नाही. ज्यांना असलं काही आवडतं म्हणे, ती तरुण मंडळी डबा फोडतात, दोन चमचे खातात आणि फ्रीजमध्ये ठेवून विसरतात. संपवतात ते काका.

एकदाच काकांची वाचा बसलेली पाहिली. मुलाने न्यू जर्सीच्या भारतीय दुकानातून टिनातली अळूवडी आणली होती. तिकडे ती पात्रा या गुजराती नावाने मिळते. उंडे करून, उकडून, मसाल्याच्या तेलकट रसात बसवलेली. झाकण उचकटलं तर वर तेलाचा तवंग आणि खाली काळपट गुंडाळ्या एकमेकींना चिकटून दाटीवाटीने उभ्या. काकांनी मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं. मग डबा फिरवून तारीख पाहिली.

"अजून दोन वर्षं आहेत."

"मग चांगलंय की, बाबा."

"अळूला? दोन वर्षं?" काकांचा आवाज खाली आला. "अरे, अळू सकाळी मंडईतून आणलं आणि दुपारपर्यंत वडी झाली नाही, तर तुझी आजी पानं परत करायला लावायची."

काकूंनी गुंडाळ्या निथळून, चकत्या करून तव्यावर कुरकुरीत परतल्या, वर तीळ, ओलं खोबरं, कोथिंबीर. काका जेवायला बसले तेव्हा चेहऱ्यावर सुतक होतं. पहिली वडी त्यांनी कर्तव्य म्हणून घेतली. नंतरच्या कुठल्या भावनेने घेतल्या ते समजलं नाही, पण ताटली रिकामी झाली. शेरा: "वेगळं आहे." मुलगा माझ्याकडे बघून हसला. लहानपणापासून तो या शेऱ्यांचा अर्थ पानात काय उरलं यावरून लावत आला आहे.

आता अळूला दोन वर्षं म्हणून हळहळणाऱ्या या गृहस्थांच्या घरी लिंबाच्या लोणच्याची एक बरणी आहे. चिनी मातीची, तोंडाला दादरा बांधलेली. लोणचं काळं होऊन त्याचा जवळजवळ अवलेह झाला आहे. ते कधी घातलं याबद्दल काका-काकूंमध्ये मतभेद आहेत, पण कुठल्याही तारखेने ते थोरल्या नातवापेक्षा मोठं आहे. पोट बिघडलं की काका त्यातली फोड चाटतात. जितकं जुनं तितकं गुणकारी. तेच डब्यावर सहा महिन्यांपूर्वीची तारीख दिसली की 'शिळं'. मोरांबा, साखरांबा, सांडगे, कुरडया, मेतकूट, भरलेल्या मिरच्या हे सगळं साठवणीचं. आणि टिनातलं ते सगळं शिळं. मी एकदा धीर करून विचारलं की काका, यात फरक काय? ते म्हणाले, "बरणी कुणी भरली ते मला माहीत आहे." यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

पुण्याला टिन काही नवे नाहीत. ते इथे लष्कराबरोबर आले. कॅम्पातल्या दुकानांत साहेब लोकांसाठी विलायती डबे मिळायचे, आणि साहेबांनाही ते फारसे आवडत नसत. मद्रासकडच्या केनी-हर्बर्ट नावाच्या एका इंग्रज कर्नलने १८७८ साली स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं, त्यात मेजवानीला ताजे मासे सोडून टिनातले मासे वाढणाऱ्या आपल्याच देशबांधवांची त्याने चांगली हजेरी घेतली आहे. काका त्या कर्नलला 'आपला माणूस' म्हणतात. स्वातंत्र्यानंतर हेच टिन पेठांत शिरले ते लष्करी कॅन्टीनच्या वाटेने. प्रत्येक खानदानात कॅन्टीनचं कार्ड असलेला एक मामा किंवा मावसोबा असायचा आणि दिवाळीच्या सुमाराला त्याच्याशी सगळ्यांचे संबंध सुधारायचे. त्यातून वाड्यात पहिल्यांदा टिनातलं चीज आलं, तेव्हा आजीने ते न्हाणीघरात नेऊन ठेवलं होतं, असं काका सांगतात. साबण समजून. ही गोष्ट मी किमान पाच घरांत आपापल्या आजीच्या नावावर ऐकली आहे, तेव्हा एक तर सगळ्या आज्या तशा होत्या, नाहीतर एकच आजी वाड्यावाड्यांतून फिरत होती.

टिनातल्या रसगुल्ल्यांचं मात्र वेगळं. कोलकात्याच्या के. सी. दासांनी १९३० साली ते डब्यात भरले आणि पुण्यापर्यंत पोचवले, हे काकांना मान्य आहे. मान्य आहे म्हणजे, नावं ठेवायला जागा कमी सापडते. इथे सगळा वाद पाकाचा. रसगुल्ले पाहुण्यांपुढे पिळून ठेवले जातात आणि खालचा पाक फ्रीजमधल्या बाटलीत जातो. पुढचे पंधरा दिवस त्या घरी लिंबाचं सरबत, शिरा, शंकरपाळे, सगळ्याला गुलाबाचा एक पुसट वास येतो. त्या काळात काकांकडे चहाला जाऊ नये.

काकांची खरी कसोटी न्यू जर्सीत लागली. मुलाकडे ते सहा महिने राहायला गेले, तेही एप्रिलमध्ये. म्हणजे पुण्यात मार्केट यार्डात देवगडच्या पेट्या लागल्या असताना. तिकडे मुलाच्या मराठी मित्रमंडळींनी पाडव्याचं जेवण ठेवलं होतं आणि पुऱ्यांबरोबर आमरस होता. साडेआठशे ग्रॅमच्या टिनातला. तिकडच्या जुन्या मंडळींचा या डब्यावर फार जीव. कारण १९८९ ते २००७ एवढी वर्षं अमेरिकेत भारतातला ताजा आंबा यायलाच बंदी होती, आणि उठली तीही लासलगावच्या केंद्रात विकिरण करून पाठवायच्या अटीवर. ज्यांची मुलं त्या अठरा वर्षांत तिकडे वाढली, त्यांना आंबा म्हणजे पेटी, गवत, अढी यांतलं काही माहीत नाही. त्यांचा आंबा गोल असतो आणि त्याला झाकण असतं.

काकांनी वाटीत बोट बुडवलं. घरभर शांतता. यजमानीणबाईंना या पाहुण्याची ख्याती कळलेली होती.

"साखर आहे," काका म्हणाले.

"हो काका, ते आधीच घालतात."

"वेलदोडा तुम्ही घातलात."

"हो."

"आणि चिमूटभर मीठ."

"हो, आईची पद्धत."

काकांनी वाटी संपवली आणि काही न बोलता पुढे केली. मुलगा हे अजून सगळ्यांना सांगतो. काकांना विचारलं तर ते म्हणतात, जेट लॅग होता.

परत आल्यावर या प्रसंगाची भरपाई म्हणून त्यांनी टिनविरोधी साहित्याचा अभ्यास वाढवला. आता कुठल्याही जेवणाच्या पंगतीत ते ऐकवतात की पहिल्या महायुद्धात फ्रेंच शिपाई टिनातल्या गोमांसाला 'माकड' म्हणायचे. इंग्रजांच्या आरमारात नवीन आलेल्या टिनातल्या मटणाला खलाशांनी १८६७ साली खून होऊन तुकडे केलेल्या फॅनी ॲडम्स नावाच्या एका मुलीचं नाव दिलं होतं, हे ते नेमकं मठ्ठा वाढताना सांगतात. काकूंनी त्यांना या विषयावर लग्नकार्यात बोलायला बंदी केली आहे. पण काकांचा मुद्दा असा की, तोफांसमोर उभ्या असलेल्या माणसालाही मरणापेक्षा जेवणाला नावं ठेवावीशी वाटली. म्हणजे हा गुण नुसता पुणेरी नाही. जगात सगळीकडे आहे, इथे फक्त त्याची जोपासना झाली.

या अभ्यासाचा कळस झाला सोसायटीच्या वार्षिक सभेत. तिसऱ्या मजल्यावर हिंजवडीला नोकरी करणारी तीन मुलं भाड्याने राहतात. रात्री अकराला येतात, ट्यूना माशाचा डबा फोडतात, पावाला लावून खातात. वास येतो अशी तक्रार आली. येतो म्हणजे किती येतो, यावर सभेत तासभर गेला. सुक्या बोंबलाचा वास चालतो का, चालत नसेल तर कोळंबीचा कसा चालतो, आणि मग गणपतीत पहिल्या मजल्यावर तळणीचा येतो त्याचं काय, अशी चर्चा लवकरच घराघरांवर आली. तेव्हा काका उठले.

त्यांनी जर्मनीची हकिगत सांगितली. स्वीडनमध्ये आंबवलेल्या हेरिंग माशाचा डबा मिळतो, सुरस्ट्रॉमिंग. आतल्या वायूने डबा फुगतो. २००६ साली एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेजने त्याला विमानात बंदी घातली. तर १९८१ साली जर्मनीत एका भाडेकरूने त्याचं पाणी जिन्यात सांडलं. मालकाने त्याला तडकाफडकी काढलं. भाडेकरू कोर्टात गेला. मालकाच्या बाजूने काय युक्तिवाद केला? काही नाही. कोर्टातच डबा उघडला. न्यायालयाने मालकाच्या बाजूने निकाल दिला.

सभा स्तब्ध झाली. काकांच्या चेहऱ्यावर न्यायालयाबद्दल नितांत आदर होता. "याला म्हणतात लेखापरीक्षण," ते म्हणाले. "कागदावर जाऊ नका. डबा उघडा. मुलांनो, आणा तुमचा डबा."

मुलं आणायला गेली. डबा आला, बत्ता आला, अध्यक्षांच्या टेबलावर पेपर अंथरून काकांनी तो फोडला. सगळ्यांनी क्रमाने वास घेतला. काही जणांना आला, काही जणांना आला नाही. सचिवांनी नाक मुरडलं, पण ते सर्दीचं असू शकतं असं अध्यक्षांनी नोंदवलं. ठराव झाला नाही. सभा संपल्यावर उघडा डबा टेबलावर उरला. काका शाकाहारी. त्यांचे तीन नियम आणि समोरचा डबा यांच्यात काय चाललं होतं ते मी दाराशी उभा राहून पाहत होतो. शेवटी त्यांनी एका मुलाला हाक मारली, "हा इथेच संपव. माझ्यासमोर. आणि कसा लागतो ते सांग." मुलगा खाऊ लागला. काका खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारत राहिले. खारट आहे का? तेल कुठलं? किती ग्रॅम म्हणतात?

आता गॅलरी. डबेकाकांच्या जगात पदार्थ येतो-जातो, पत्रा राहतो. वनस्पती तुपाच्या पिवळ्या डब्यांपासूनची ही परंपरा. त्या डब्यांत पेठांनी तुळशी लावल्या, पोहे भरले, आंघोळीचं पाणी तापवलं. काकांच्या गॅलरीत आज छोल्यांच्या टिनात ओवा, अननसाच्या टिनात गवती चहा, भोपळ्याच्या टिनात रंगाचे ब्रश, आणि आमरसाच्या मोठ्या टिनात, जो त्यांनी न्यू जर्सीहून धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेतून परत आणला, खिळे, वायसर आणि एक जुनी किल्ली. कुलूप वाड्याबरोबर गेलं. पाहुण्यांना ते गॅलरी दाखवतात, टिचकी मारून पत्र्याचा आवाज ऐकवतात. आत काय होतं ते विचारलं तर शेरा ठरलेला: "ते जाऊ दे. डबा मात्र चांगला आहे."

गेल्या डिसेंबरात मुलगा आला तो टिन न आणताच. आता तिकडेही टिन मागे पडले, म्हणाला. पाकीट आलं. पातळ, चपटं, गरम पाण्यात टाकून उघडायचं. काकांनी ते उलटसुलट केलं. तत्त्व आपेरचंच, पण ठोकायला काही नाही. बत्ता त्यांनी आधीच काढून ठेवला होता, तो परत खणात गेला. पाकिटावर नाव होतं मद्रास लेंटिल्स.

"तिकडे आमच्या ऑफिसात सगळे खातात, बाबा. कॉस्टकोमध्ये मिळतं."

काकांनी भिंग लावलं. राजमा, मसूर, टोमॅटो. मद्रासच्या कुठल्या घरात राजमा शिजतो, असं ते विचारणार, तेवढ्यात त्यांची नजर कंपनीच्या नावावर गेली आणि भिंग हातातच राहिलं.

टेस्टी बाइट. हे नाव त्यांना चवीसाठी नव्हे तर वेगळ्याच कारणासाठी पाठ होतं. काकांची दुपार शेअर बाजारात जाते. खरेदी नसते, नुसतं लक्ष असतं. हा शेअर एके काळी किरकोळीत मिळत होता, तेव्हा त्यांनी 'पाकिटातली आमटी कोण खाणार?' असा शेरा मारून तो सोडला होता. पुढे तो दहा हजारांच्या वर गेला. त्या वर्षी काकूंनी घरात शेअर हा शब्द उच्चारला नाही, यावरून काकांना काय वाटलं असेल ते समजावं.

"हे कुठं होतं माहितेय का तुला?" काकांनी मुलाला विचारलं. "भांडगावला. दौंड तालुका. सोलापूर रस्त्याला, यवतच्या पुढे. मी वार्षिक अहवाल वाचलाय."

"काय सांगता!"

"म्हणजे भांडगावहून हे निघालं, बोटीनं अमेरिकेला गेलं, तू ते विकत घेतलंस, आणि विमानात बसवून कोथरूडला आणलंस." काकांनी मनातल्या मनात भाडं लावलं असावं, कारण त्यांचे ओठ हलत होते. "यवतच्या पुढून कोथरूड. मध्ये दोन समुद्र."

काकूंनी पाकीट उकळत्या पाण्यात सोडलं. फोडणी द्यायची का, असं विचारलं तर काका नको म्हणाले, आहे तसं बघू. हे ऐकून काकू ओट्याकडून वळून उभ्या राहिल्या. वाटीत वाढलं, काकांनी खाल्लं, पोळीने वाटी पुसली. आम्ही सगळे निकालाची वाट बघत होतो. 'वेगळं आहे' नाही, 'खाल्लं' नाही, काहीच नाही. काका हात धुऊन आले, आतून कुठलासा जुना अहवाल काढला, त्यातलं एक पान बघितलं आणि मुलाला म्हणाले, "दौंडला सकाळची गाडी किती वाजता असते, ते बघ रे तुझ्या त्या फोनवर."

"कशाला, बाबा? ते किरकोळ विकत नसतील."

"विकत कोण घेतोय?" काका म्हणाले. "मद्रास कशावरून, एवढंच विचारून येतो."